रेलिंगवरचा हातमोजा

हॅलिफॅक्सला आले त्या वर्षी
बसचा ड्रायव्हर म्हणाला, "मॉर्निंग, लव."
मी पदर नसताना पदर सावरला.
मग भाजीवाली म्हणाली, पोस्टातला टकला म्हणाला,
दाढ काढणारी बाईसुद्धा
काढता काढता म्हणाली, लव.
घरी येऊन शांतवनला विचारलं,
इथं सगळ्यांचंच सगळ्यांवर प्रेम आहे की काय?
तो हसला. "सवय आहे गं त्यांची. कढीपत्त्यासारखी.
टाकतात सगळ्यात, खात कुणी नाही."

आमच्यात प्रीती म्हणतात.
प्रीती हा रविवारचा शब्द, इस्त्री केलेला.
आई तो डोळे मिटून म्हणायची
आणि डोळे उघडले की दूधवाल्याशी भांडायची.

हातमोजे तिनंच विणलेले.
बर्फ कधी न पाहिलेली बाई,
नेवाशाच्या उन्हात ओट्यावर बसून
मिशनच्या शाळेत शिकलेले टाके घालत होती.
वांगी रंगाची लोकर.
बोटं अंदाजानं, म्हणून लांब,
करंगळीचं टोक रिकामंच लोंबायचं.
पार्सल पोचलं,
आणि पंधरा दिवसांनी तिची बातमी.

जानेवारीत त्यातला एक हरवला.
बसमध्ये, की स्टॉपवर, की शाळेच्या किचनमध्ये
जिथं मी दोनशे पोरांना मटार वाढते.
शोधला. प्रार्थनाही केली,
खोटं कशाला बोलू, जरा हुकमीच केली.
बुधवारी रात्री राग आला,
कुणाचा ते विचारू नका.
उरलेला उचलला आणि कचऱ्यात टाकला,
चहाच्या चोथ्यावर.
एका हाताचं काय करायचं?

शुक्रवारी सकाळी सातला, अंधारातच,
जुन्या चॅपलपाशी
(आता तिथं गालिच्यांचं गोदाम आहे,
दारावरचं कोरलेलं साल तेवढं शाबूत)
रेलिंगच्या टोकावर
माझा हातमोजा.
कुणीतरी उचलून, चिखल झटकून,
बोटं वर करून खोचलेला.
आणि पाऊस लागू नये म्हणून
वरून सँडविचची प्लॅस्टिकची पिशवी,
मनगटाशी रबरबँड.

मी त्या रबरबँडकडे बघत उभी राहिले.
हातमोजा उचलणं मी समजू शकते.
पण पिशवी?
आपलं सँडविच उघडं करून,
कधी न पाहिलेल्या हातासाठी?
करंगळीचं टोक पिशवीत वाकलं होतं.
त्यालाही कळलं असेल का,
की हे माप कुणीतरी फार लांबून घेतलंय?

कचरागाडी आमच्याकडे गुरुवारी येते.
म्हणजे परक्यानं हरवलेला जपला
आणि मी, तिची लेक, घरातला फेकला.
बसमध्ये चढले ती रडतच.
ड्रायव्हर तारिक, बाप मीरपूरचा,
बोली अस्सल यॉर्कशरची,
कार्ड टेकवायच्या आधीच म्हणाला,
"बस आधी, लव."
आणि मी टेकेपर्यंत गाडी हलवली नाही.
मागे दोन हॉर्न वाजले,
त्यानं आरशातसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मी कढीपत्ता चावला.

आता एकच घालते.
हिच्या विणीला डावं-उजवं नाही.
चॅपलपर्यंत उजव्या हातात, तिथून पुढे डाव्या,
रेलिंगपाशी बदलते.
कृपा म्हणजे काय, असं पाळकांनी विचारलं
तर मी गडबडेन,
एवढंच म्हणेन, ओला नव्हता हो.

रबरबँड आईच्या गीतांच्या पुस्तकाला लावलाय,
शिवण सुटत चालली होती त्याची.
पिशवी धुऊन, वाळवून
पर्समध्ये ठेवली आहे.
वाटेत कुणाचं काही दिसलं तर.